लातूरची तेलपेठ : आपल्या जुन्या जिल्ह्यातील एका शहराची कथा

आजच्या तरुण पिढीला सांगितले तर सहसा खरे वाटत नाही, परंतु १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत लातूर हा आपल्याच जिल्ह्यातील एक तालुका होता. जिल्हा कचेरी, न्यायालय आणि खजिना धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला. व्यापार-उदीम मात्र लातूरला, अशी विभागणी होती. आमचे आजोबा म्हणत, "कागदाला धाराशिव आणि रोकडीला लातूर." त्यांच्या या बोलण्यात थोडा अभिमान असे आणि थोडी खंतही असे. अभिमान अशासाठी की त्यांची अडत लातूरच्या गंजात होती. खंत अशासाठी की घर धाराशिवला होते आणि महिन्यातील वीस दिवस ते घराबाहेर असत.

ही रोकड मुख्यतः तेलबियांची होती. तेलाचे शहर म्हटले की डिग्बोई, अंकलेश्वर अथवा आखाती देश डोळ्यांपुढे येतात. खनिज तेल लागले की गावाचे शहर होते, परप्रांतीय येतात, जमिनीचे भाव चढतात आणि विहीर आटली की उतरती कळा लागते. लातूरला हे सर्व घडले, फक्त तेथील तेल काळ्या जमिनीत पेरून दरवर्षी नव्याने काढावे लागत असे. भुईमूग, करडई, जवस, कारळ आणि तीळ या पाच दाण्यांवर ते शहर उभे राहिले.

लातूरचे प्राचीनत्व सर्वश्रुत आहे. मान्यखेटचे राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. सम्राट अमोघवर्षांच्या काळातील इ. स. ८६६ च्या शिलालेखांत हे बिरुद आढळते. आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणाऱ्या या राजाची राजधानी लातूरपासून दूर होती. तरीही मूळ गावाचे नाव त्याने सोडले नाही. पुढे सौंदत्तीच्या जैनधर्मीय रट्टांनीही हेच बिरुद मिरविले. मध्ययुगात भट्टारक परंपरेतील बलात्कार गणाची एक शाखा लातूर येथे होती व सैतवाळ समाजाचा तिच्याशी निकटचा संबंध राहिला. म्हणजे तेलाच्या गिरण्या येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या समाजाला लातूर परके नव्हते.

तथापि प्राचीनत्वाने पेठ बनत नाही. तसे असते तर तेरची बनली असती. रोमन जगाशी व्यापार करणारे 'तगर' ते हेच, 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे आणि आपल्या धाराशिव लेण्यांची कथा सांगणाऱ्या मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यातही तेरापूर येते. परंतु विसाव्या शतकात तेर हे खेडेच राहिले. मोठे झाले ते लातूर, आणि त्याचे कारण रेल्वेचे रूळ होय.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे काढली. अवघ्या २ फूट ६ इंच रुंदीची ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली. बार्शी हे ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात, निजामी हद्दीला लागून होते. बालाघाटावरील शेतकरी व वाणी आपला माल बैलगाड्यांवर घालून घाट उतरून बार्शीस नेत. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, तेथे जकात भरायची. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा हिशेब वेगळाच, ७ हाली म्हणजे ६ कलदार! १९०७ मध्ये हे रूळ येडशीवरून घाट चढून कसबे तडवळ्यापर्यंत आले आणि १९११ साली ढोकी, मुरूडवरून लातूरला पोहोचले. त्याच वर्षी मीर उस्मान अली खान गादीवर बसले. त्यांचे नाव पुढे धाराशिवला मिळाले. ते २०२३ साली अधिकृतरीत्या गेले. रेल्वे मात्र आपल्याला मिळाली नाही. जिल्ह्याचे मुख्य ठाणे असूनही धाराशिव रुळांपासून दूर राहिले. येडशीला उतरायचे आणि तेथून बैलगाडीने, नंतर मोटारीने गावी यायचे, हे आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी केले. मोठ्या मापाची गाडी धाराशिवला आली ती २००७-०८ साली, म्हणजे लातूरनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

माझ्या मते लातूरच्या उत्कर्षाचे खरे रहस्य तेथे रूळ संपत होते, यात आहे. मधल्या स्थानकावर गाडी थांबते आणि निघून जाते. टोकाच्या स्थानकावर मात्र माल उतरवावा लागतो, साठवावा लागतो, त्याचा भाव करावा लागतो. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या सर्व भागांतील बैलगाड्या लातूरला येऊन थांबू लागल्या. जेथे गाडी थांबते तेथे वखार येते, वखारीमागे अडत येते, अडतीमागे हमाल, मापाडी, तोलणारे, बारदान शिवणारे आणि सावकार येतात. निजामी राजवटीतील नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार बांधलेली गंजगोलाई या गर्दीचेच दगडी रूप आहे. मध्यभागी वर्तुळाकार इमारत, तिच्यात अंबाबाईचे मंदिर आणि चहूबाजूंनी १६ रस्ते येऊन मिळालेले. एकेका रस्त्यावर एकेका मालाची पेठ! १९३० साली हैदराबाद संस्थानात शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे मोडून उघड बोली लावावी, हा अशा कायद्यांचा हेतू होता. आजोबा मात्र हसून सांगत की कायदा झाला तरी रुमाल काही खिशातून गेला नाही.

आता तेलाकडे वळू. प्रारंभी येथून बीच बाहेर जाई. जवस मुंबईमार्गे युरोपात रंगांसाठी व वार्निशासाठी जात असे. भुईमूगही परदेशी जाई. पुढे १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव घेऊन वनस्पती तूप देशभर पसरले आणि शेंगतेलाची मागणी अशी वाढली की बी बाहेर पाठविण्यापेक्षा जागेवरच गाळणे फायद्याचे ठरू लागले. बैलाच्या लाकडी घाण्याच्या पेंडीत १० टक्क्यांच्या आसपास तेल शिल्लक राहते; यंत्राच्या एक्स्पेलरमध्ये ते ६ ते ८ टक्क्यांवर येते. हा फरक लहान दिसतो, पण हजारो पोत्यांच्या हिशेबात त्यातच गिरणीचा नफा असतो. त्या फरकाने गावोगावचे घाणे मोडले आणि पिढ्यान्पिढ्या तेल गाळणारा तेली समाज स्वतःच्या व्यवसायात मजूर झाला. पेठेच्या वैभवाचे वर्णन करताना ही बाजू आपण व्यापारी मंडळी बहुधा विसरतो, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो.

भुईमुगाचा हंगाम दिवाळीला, करडईचा होळीच्या सुमारास. करडई हे रब्बीचे पीक. काळ्या रानातल्या ओलीवर पाण्याविना येणारे आणि अंगभर काटे असलेले. ती काढताना मजूर हातापायांना फडकी गुंडाळीत. या दोन हंगामांत लातूरला रात्र नसे. लहानपणी छोट्या गाडीने जाताना स्थानक येण्यापूर्वीच भाजलेल्या दाण्याचा व ताज्या पेंडीचा वास डब्यात येई आणि प्रवासी आपापली बोचकी आवरू लागत. गिरण्यांभोवती टरफलांचे डोंगर असत. तीच टरफले बॉयलरखाली जळत, पेंड गुरांना जाई आणि तेल पत्र्याच्या डब्यांत भरून मुंबई-हैदराबादला. वाया जाण्यासारखे काही उरतच नसे.

येथे एक प्रश्न आपल्या समाजापुरता आहे आणि तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांत 'यंत्रपीडन' स्पष्ट सांगितले आहे. तीळ, मोहरी, ऊस इत्यादी यंत्रात घालून पिळण्याचा व्यवसाय करू नये. उपासकदशांगात हे आहे, हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात आहे आणि पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात खरकर्मांच्या विवेचनात त्याचा विचार केला आहे. साठविलेल्या बियांत कीड असते आणि ती दाण्याबरोबरच भरडली जाते, हे गंजात बसणाऱ्याला कोणी शास्त्रातून सांगावे लागत नाही. आमच्या आजोबांनी याच कारणास्तव गिरणी घातली नाही. आयुष्यभर अडतच केली. त्यांच्या धाकट्या बंधूंनी मात्र एका गिरणीत भागी घेतली. दोघांत यावरून अनेक वर्षे बोलाचाली होती. धाकटे म्हणत, "दादा, तुम्ही दाणा विकता तो काय देवापुढे ठेवायला? तो पिळलाच जातो ना?" आजोबांजवळ याला उत्तर नव्हते, आणि उत्तर नाही हे ते कबूल करीत. धाकटे आजोबा चातुर्मासात गिरणी बंद ठेवीत. तसे ते सोपे होते, कारण त्या दिवसांत माल जवळजवळ नसेच. खरी कसोटी हंगामातल्या अष्टमी-चतुर्दशीची. बाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना ते पट्टा उतरवीत आणि शेजारचे गिरणीवाले त्यांच्या दारातली गाडी हसतमुखाने आपल्याकडे वळवून नेत. दोघांपैकी कोण बरोबर, याचा निवाडा मला आजही करता येत नाही.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धामधुमीत पेठ विस्कळीत झाली. सरहद्दीवरील अनेक कुटुंबांनी बार्शी व सोलापूरचा आश्रय घेतला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर व्यापारी परतले, १९५४ मध्ये बार्शी लाइट सरकारने ताब्यात घेतली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि करोडगिरी इतिहासजमा झाली. मारवाडी, गुजराती, लिंगायत, तेलुगु, मुसलमान अशा सर्वांची दुकाने एकमेकांना लागून होती. लातूरचा स्वभाव यातून घडला. तेथे घराण्यापेक्षा पट्टी वेळेवर चुकती करणाऱ्याला मान होता. नव्या माणसाला लातूर लवकर सामावून घेई आणि बुडालेल्याला लवकर विसरेही. आपल्या धाराशिवचा स्वभाव नेमका उलट. ते कचेरीचे गाव. ओळख जुनी आणि चाल संथ. दोन्हींत राहिलेल्या माणसाला दोन्हींची उणीव कळते.

१९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू केली आणि नव्वदीच्या प्रारंभी देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला. लातूरच्या गिरण्यांना वाटले, आपले दिवस आले. पण १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, पुढील वर्षी इतर तेलांची. आयातकर सुरुवातीला ६५ टक्के होता. १९९८ पर्यंत तो १५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी दिल्लीकडे भेसळीच्या मोहरीतेलाने बळी घेतले आणि सुटे तेल विकण्यावर निर्बंध आले. डब्यातून मापाने तेल देणारी छोटी गिरणी एकीकडे आयातीने आणि दुसरीकडे पुडीबंद तेलाने कोंडली गेली. सध्या देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो.

शेवटचा धक्का आपल्याच शेतातून आला. नव्वदीत सोयाबीन पसरले. शेतकऱ्याला ते परवडले आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असते, करडईत ३० च्या घरात आणि सोयाबीनमध्ये जेमतेम १८ ते २०. एवढे कमी तेल एक्स्पेलरने दाबून काढणे फायद्याचे होत नाही. त्याला हेक्झेन या द्रावकाने तेल विरघळवून काढणारा मोठा प्रकल्प लागतो. तो भांडवलदाराचा धंदा, भागीदारीतल्या गिरणीचा नव्हे. गिरण्या एकेक करून थंडावल्या. बाजार मात्र बुडाला नाही. आज लातूर ही राज्यातील सोयाबीनची अग्रगण्य बाजारपेठ आहे. गिरणी गेली आणि गंज राहिला, हे पाहायला आजोबा असते तर धाकट्या भावाला काहीतरी बोलले असते.

शहराने दरम्यान दुसरे पीक धरले ते शिक्षणाचे. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग ठिकठिकाणी उभे राहिले. २०११ मध्ये लातूर महानगरपालिका झाली. आणि एप्रिल २०१६ मध्ये भीषण दुष्काळात याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर; मार्ग बहुतांशी जुन्या बार्शी लाइटचाच. पाण्यासाठी वापरलेल्या टाक्यांच्या वाघिणी आधी राजस्थानातील कोटा येथील कारखान्यात वाफेने धुवून घेतल्या होत्या. ज्या वाटेने लातूरचे तेल अनेक वर्षे बाहेर गेले, त्याच वाटेने शहराच्या पिण्याचे पाणी आत आले.

समाजबांधवांस एक विनंती आहे. या पेठेचा खरा इतिहास सरकारी दप्तरात फारसा नाही. तो आपल्या घरांतील लाल कापडी बांधणीच्या वह्यांत आहे. हाली-कलदारचे हिशेब, हुंड्या, दर हंगामाचे भाव, कोणाच्या गाडीतून किती पोती आली, हे त्यांत तारखेनिशी सापडते. आमच्या घरच्या १९४८ पूर्वीच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. ही चूक माझ्याच डोळ्यांदेखत झाली, आणि त्या वेळी मला तिचे काहीच वाटले नाही. ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या अजून असतील त्यांनी त्या वाळवीपासून जपाव्यात आणि निदान त्यांची छायाचित्रे काढून ट्रस्टच्या कार्यालयात द्यावीत. मोडी वाचणारी दोन-तीन वृद्ध मंडळी आपल्यात अद्याप आहेत.