शाळेंतील पियानो व त्याच्या सैल खुंट्या

ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत मंदिराच्या पायाभरणीचा आणि प्रभुघरीं गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतरांनीं लिहिला आहे. आमच्या वांट्यास आला तो शाळेच्या सभागृहांतील पियानो. आमच्या जुन्या दफ्तरांत हार्मोनियमच्या भात्याचें चामडें बदलल्याचा खर्च आहे, घंटेच्या दोराचाहि आहे. पियानोचें नांव मात्र कोठेंहि नाहीं. याचें कारण आम्हांस असें दिसतें. पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशीं, जें आज्ञापत्र काढलें, त्यांत मंदिरांत पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. ऑर्गनला मान मिळाला, पियानोला शाळेची खोली. वेदीशीं ज्याचा संबंध नाहीं त्याची नोंद कोण ठेवणार? पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें उपासनेस योग्य अशा इतर वाद्यांना वाट मोकळी केली. तोंवर आमचा पियानो कोपऱ्यांत जाऊन पडला होता.

हें वाद्य इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें घडविलें. त्याच्या हातचा १७२० सालचा एक पियानो न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आजहि आहे. त्या काळच्या तारा बारीक व ताण बेताचा होता. १८२५ सालीं बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉक यानें एकसंध ओतीव लोखंडी सांगाड्याचें पेटंट घेतलें आणि मग ताण वाढतच गेला. आजच्या पियानोंत सव्वादोनशेंच्या आसपास तारा असतात. एकेकीवर सत्तर-ऐंशी किलोंचा, आणि सर्व मिळून पंधरा ते वीस टनांचा ओढा असतो. हा भार लोखंड सोसतें हें खरें; परंतु प्रत्येक तारेचें टोंक ज्या पोलादी खुंटीला गुंडाळलेलें असतें, ती खुंटी ठोकलेली असते लांकडाच्या फळींत. तेथें नट नाहीं, पाचर नाहीं. लांकडाची पकड हाच काय तो आधार.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा झाला, पालकवाडीच्या जागीं १८६६ सालीं वर्धा शहर वसलें, आणि १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. एवढें अवजड वाद्य आंतल्या मुलखांत येणें या लोहमार्गामुळेंच सुकर झालें. उष्ण देशांकरितां म्हणून विलायती कारखानदार सरसाच्या जोडांना स्क्रूंचीहि जोड देत. परंतु खुंट्यांची फळी बीच किंवा मेपल या लांकडाचीच. त्या लांकडानें आमचा मे महिना कोठें पाहिला होता! पारा पंचेचाळीस अंशांवर, पश्चिमेच्या झळा, आणि दोन महिन्यांनीं भिंतींना ओल.

पियानो उन्हाळ्यांत उतरतो म्हणून लोक उन्हाळ्यास दोष देतात. खरी इजा पावसाळ्यांत होते. ओलीनें लांकूड फुगूं पाहतें, पण पोलादी खुंटी मागें सरत नाहीं. तेव्हां भोकाच्या कडेचे तंतु चेंगरतात. पुढें लांकूड आटलें कीं ते चेंगरलेले तंतु पूर्वस्थितीवर येत नाहींत आणि खुंटी सैल पडते. तंबोऱ्याची खुंटी घसरली तर गवई खडू लावून भागवितात. मिरजेच्या कारागिरांच्या तंबोऱ्यालाहि तो उपाय चालतो. येथें ताणच इतका कीं खडूचें कांहीं चालत नाहीं.

आमच्या आधींच्या काळांत एका सद्गृहस्थांनीं गंजलेल्या खुंट्यांवर तेल सोडलें. हेतु चांगला होता, पण तेल लांकडांत मुरलें आणि पकड गेली. म्हणून ज्युबिली-समितींत प्रश्न निघाला: भंगारवाल्यास द्यावा कीं दुरुस्त करावा? विजेवर चालणारा कीबोर्ड घ्यावा, त्याला सूर लावणें नको, असें कित्येकांचें म्हणणें. तें चुकीचें नव्हतें. आमचें मनहि कांहीं दिवस दोलायमान होतें.

अखेर मुंबईहून एक सूर लावणारे आले. सर्वच सूर थोडे उतरले असतील तर तो हवेचा परिणाम, पण कांहीं टिकून कांहींच चार दिवसांत कोसळले तर खुंट्या सैल, असें त्यांनीं समजाविलें. सैल निघाल्या चाळीसएक. कांहीं हलकेच आंत ठोकल्या, तारेचें वेटोळें लोखंडास टेकणार नाहीं इतपतच. कांहींच्या भोंवतीं पातळ सायनोअक्रिलेट गोंद सोडला; तो फटींत झिरपून घट्ट होतो. पूर्वी ग्लिसरीन व स्पिरिटचें मिश्रण घालीत. त्यानें लांकूड कांहीं काळ फुगतें, पण पुढें गोंदहि धरत नाहीं. उरलेल्या ठिकाणीं एक माप जाड खुंट्या घातल्या. एका मापाचा फरक इंचाचा पांच सहस्रांश, तेवढाच पुरतो.

पियानो आतां पश्चिमेच्या भिंतीपासून हलविला आहे. गेल्या मे महिन्यांत सात खुंट्या पुन्हां घसरल्या, बाकीच्या टिकल्या. तेल मुरलेल्या जागीं मात्र कशाचाच उपयोग झाला नाहीं. ती फळी नवी केल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि तेवढा पैसा सध्यां गंगाजळींत नाहीं. खर्जांतील तीन सूर त्यामुळें मुके आहेत. ज्युबिलीच्या सायंकाळीं वाजविणाऱ्या मुलांना त्या पट्ट्या टाळण्याचा सराव दिला आहे.