एडवणचा किनारा आणि एव्हरेस्टची पृथ्वी

केळव्याहून दातिवऱ्याकडे जाताना किनाऱ्यावर एडवण लागतं. या भागाचं सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं पत्रक स्कॅन करा, त्याच्या कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे द्या आणि ते उपग्रहाच्या छायाचित्रावर ठेवा. किनारा, रस्ते, तळी, सगळंच सुमारे शंभर मीटर सरकलेलं दिसेल. पाहणारा हबकतो. समुद्रानं एवढी जमीन गिळली! नाहीतर कुणीतरी कब्रस्तानाची हद्द दाबली! अशा चित्रावरून माणसं भांडायला उठलेली मी पाहिली आहेत.

खरं तर तिथे दोन वेगवेगळ्या पृथ्व्या एकमेकींवर ठेवलेल्या असतात.

1802 साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण रचत ते उत्तरेकडे निघाले. 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला त्यांचा इंतकाल झाला. काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आलं. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे, याचा हिशेब त्यांनी 1830 मध्ये मांडला. आपले जुने नकाशे त्याच हिशेबावर उभे आहेत. तो हिंदुस्थानच्या जमिनीवर नीट बसवलेला होता. त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळत नाही. उपग्रहांचा डब्ल्यूजीएस-84 हा हिशेब मात्र पृथ्वीच्या मध्यापासून सुरू होतो. म्हणून एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्हीकडे वेगळे येतात.

या कामातलं एक नाव मी वर्गात मुद्दाम सांगतो: अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन. हेन्री बॅरो हा इंग्रज कारागीर गेल्यावर सर्वेक्षणाच्या गणिती उपकरणांची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांच्या हुनराची कदर खुद्द एव्हरेस्ट यांनी केली. शिखराचं नाव सगळ्या मुलांना पाठ असतं, हे नाव कुणालाच ठाऊक नसतं.

तर, नकाशा बसवताना आधी जुन्या हिशेबातून नव्यात रूपांतर करायचं. मग न हलणाऱ्या जागा जुळवून पाहायच्या: देऊळ, मशीद, जुना पूल, केळव्याचा पाणकोट. किनाऱ्याची रेघ इथे चालत नाही, कारण तपासायची तीच आहे. या खुणा चारी बाजूंना पसरलेल्या हव्यात. सगळ्या गावठाणातच घेतल्या तर समुद्राकडची बाजू तिरपी होते. सगळ्या खुणा एकाच दिशेला, सारख्याच अंतरानं सरकलेल्या असतील तर दोष समुद्राचा नाही, शेजाऱ्याचाही नाही.

त्यानंतरही किनाऱ्यावर फरक उरला तर छायाचित्राची तारीख-वेळ बघा. ओहोटीला इथलं पाणी खूप आत जातं आणि जुन्या पत्रकावरची रेघ भरतीची असते. एवढं वजा करूनही जे उरेल, ते समुद्रानं नेलेलं असू शकतं, आणि त्याची तक्रार जरूर करावी.

गावनकाशाची गोष्ट अजून निराळी. तो शंकू-साखळीनं मोजलेला. त्यावर अक्षांश-रेखांशच नसतात, फक्त बांध आणि हद्दीचे दगड. कब्रस्तानाच्या हद्दीचा वाद असेल तर मोबाइलवरचं चित्र घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका. मोजणीचा अर्ज करा, आणि मोजणीदार येईल तेव्हा जुने दगड दाखवू शकणारं एखादं बुजुर्ग माणूस सोबत ठेवा.