घरच्या उजेडातील माणसे

इ. स. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यात, बत्तिसाव्या कलमाच्या सहाव्या पोटकलमात, एक लहानशी तरतूद होती. वकिली करणाऱ्यांच्या नजरेखालूनही ती सहसा निसटून जात असे. मृत व्यक्तींमधील नातेसंबंध सिद्ध करावयाचा असता मृत्युपत्र, वंशावळ आणि थडग्यावरील लेख यांच्या बरोबरीने कुटुंबातील तसबिरीवर लिहिलेला मजकूरही पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. मात्र तो वादाला तोंड फुटण्यापूर्वी लिहिलेला असला पाहिजे, असे तिचे तात्पर्य. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हा नियम राखला आहे. मूळ कायदा रचणाऱ्या इंग्रजांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या देशातील वाड्यांतून टांगलेली तैलचित्रे असावीत. आमच्या घरांतून ती जागा फोटोने घेतली.

त्या फोटोंत आम्हांस काय दिसते? घर फोंड्याकडचे असो, बेळगावचे असो, की इंदूर-बडोद्याचे असो, भिंतीवरचा जुना फोटो बहुधा एकाच वळणाचा असतो. कर्ते पुरुष खुर्च्यांवर, हात गुडघ्यांवर, डोक्यावर पगडी. पाठीमागे रंगविलेला पडदा, आणि त्यावर त्या घरातील कोणीही जन्मात न पाहिलेला विलायती बगीचा. मुले पायांशी, दम कोंडून बसलेली. स्त्रिया असल्याच तर कडेला. आजीचा स्वतंत्र फोटो नसतोच. तिच्या पश्चात एखाद्या समूहचित्रातून तिचा चेहरा तेवढा मोठा करून घेतलेला असतो, व मोठा होताना तो पुसटही झालेला असतो. जिने ते घर चालविले तिच्याविषयी त्या भिंतीवर सर्वांत कमी पुरावा असावा, ही गोष्ट आम्हांस दीर्घकाळ खटकत आली आहे.

हा सारा दोष रूढीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्यात यंत्राचाही वाटा होता. गंमत अशी, की छायाचित्रकलेचा आरंभ उघड्यावरच झाला. एडिंबरो येथे १८४३ पासून डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार व रॉबर्ट अ‍ॅडमसन हा तरुण रसायनकुशल जोडीदार यांनी माणसांची चित्रे घेतली, ती कॅल्टन टेकडीवरील घराच्या आवारात, उन्हात. कागदावरील त्यांच्या पद्धतीला प्रकाश इतका लागे, की खुर्ची, मेज, पुस्तके, पडदे अंगणात आणून तेथेच खोलीचा देखावा उभारावा लागे. हिलने आपल्या लहान मुलीचीही चित्रे घेतली. तथापि एकेका चित्रासाठी मिनिट मिनिट निश्चल राहावे लागत असल्यामुळे, उजेड घराबाहेरचा असूनही चेहरा मोकळा होणे कठीण होते. १८५१ नंतर काचेवर ओले द्रावण पसरून चित्र घेण्याची पद्धत आली. काम शीघ्र झाले, पण काच ओली असतानाच सर्व उरकावे लागे, म्हणून अंधारी खोली जवळ हवी. माणसे स्टुडिओत गेली. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू आला. आमच्या पणजोबांच्या मुद्रेवरील करारीपणाचे श्रेय काही अंशी त्या टेकूलाही दिले पाहिजे!

स्त्रियांची अडचण निराळी होती. परक्या पुरुषासमोर, परक्या जागी, डोळे वर करून बसायचे कसे? जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे यांनी आपल्यापुरता उत्तम उपाय काढला: ते स्वतःच छायाचित्रकार झाले, आणि आपल्या अंतःपुरातील स्त्रियांची चित्रे त्यांनी स्वतः घेतली. दुसरा उपाय हैदराबादेत झाला. राजा दीनदयाळ १८६६ च्या सुमारास इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले, तेथेच त्यांनी हा नाद धरला व पुढे सहाव्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला व तेथील काम एका इंग्रज स्त्रीकडे सोपविले. लज्जा राखली गेली, हे खरे. परंतु पडदा, सजावट आणि ठरीव बैठक तीच राहिली. स्त्री चित्रात आली. तिचे घर मात्र चित्राबाहेरच राहिले.

घर चित्रात येण्यास कोरड्या काचांचा शोध लागावा लागला. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने त्याचा मार्ग दाखविला. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला. १९०० मध्ये त्याच कंपनीचा ब्राउनी अमेरिकेत एका डॉलरला मिळू लागला. क्षणार्धात चित्र उमटू लागले, आणि धंदेवाईकाची गरज उरली नाही. फ्रान्समधील १८९४ साली जन्मलेला झाक आंरी लार्तीग हा संपन्न घरातील मुलगा. सातव्या-आठव्या वर्षी वडिलांनी त्याला कॅमेरा दिला. त्याने चित्रे घेतली ती भावाची, चुलतभावंडांची, घरच्या मांजरांची. कोणी पायऱ्यांवरून उडी घेत आहे, कोणी घरी केलेल्या गाडीवरून उतारावर सुटले आहे. कोणालाही त्याने ‘नीट बस’ म्हटलेले दिसत नाही. ही चित्रे कित्येक दशके घरच्या संग्रहवह्यांतच होती. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती मांडली, तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता.

आमच्याकडे याच वृत्तीचे उदाहरण शोधताना आम्हांस दादासाहेब फाळके आठवतात. जगाने त्यांना चित्रपटकार म्हणून ओळखले, पण त्यांचा मूळ व्यवसाय फोटोचा. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले व पुढे त्यांनी गोध्र्यास फोटोचे दुकान घातले. तेथे प्लेगाने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे बडोद्यातही धंदा बसेना. कॅमेरा माणसाचे आयुष्य शोषून घेतो अशी भीती लोकांत पसरली होती, असे सांगतात. १९१२ मध्ये विलायतेहून चलच्चित्राचे यंत्र घेऊन आल्यावर त्यांनी दादरला प्रथम परीक्षा पाहिली ती घराच्या आवारात खेळणाऱ्या मुलांवर. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. १९१९ च्या ‘कालिया मर्दना’त सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी श्रीकृष्ण झाली, आणि त्या चित्रपटाच्या आरंभी, कृष्णाचा वेष येण्यापूर्वी, तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविले आहेत. पित्याने आधी आपली मुलगी दाखविली, मग देव. देवळातील उत्सवात शेजारच्या घरचा मुलगा रामकृष्णाचे रूप घेताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातील गोडी समजावून सांगावी लागणार नाही.

त्या चित्रीकरणात सरस्वतीबाई फाळके उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे परतलेला मऊ उजेड नटांच्या मुखावर पडे. रात्री फिल्म धुण्याच्या कामातही त्यांचा हात असे. चित्रचौकटीत त्या नाहीत.

त्या चादरीचे काम आमच्या जुन्या घरांत चुन्याची भिंत आपोआप करते. गोव्याकडील राजांगणाभोवतालच्या वसरीत तिसऱ्या प्रहरी बसून पाहावे: ऊन अंगणात, माणूस सावलीत, आणि चेहऱ्यावर भिंतीवरून परतलेला सौम्य प्रकाश. भर उन्हात उभे केले, की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, कपाळाला आठ्या पडतात, आणि मग आम्ही हसण्याचा हुकूम सोडतो. त्यापेक्षा आई तुळशीपाशी वाती वळीत असेल, आजोबा नातवाला स्तोत्र म्हणून दाखवीत असतील, तर त्यांना हाक न मारता, थोडे लांबून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसून चित्र घ्यावे. पहिली चार वाया जातील. पाचव्या वेळी कॅमेऱ्याचा विसर पडतो. हल्ली तर तो प्रत्येकाच्या खिशातील फोनातच असतो, आणि काच वाया जाण्याची धास्तीही उरलेली नाही. तरीही मुलांना रांगेत उभे करून दात दाखवायला लावण्याची हौस सुटत नाही. पगडी तेवढी गेली आहे.

आणखी एक वकिली सूचना. फोनातील चित्रावर तारीख नोंदली जाते, नावे नव्हेत. वाटणीच्या किंवा वारसाच्या दाव्यात जुना फोटो पुढे येतो, आणि मुलाला कडेवर घेतलेली ती बाई कोण, मावशी की सावत्र आजी, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. वर्षातून पाच-दहा चित्रे तरी कागदावर उतरवून घ्यावीत. मागील बाजूस शिसपेन्सिलीने नाव, नाते, गाव व दिनांक लिहावा. चित्र कोणी घेतले, आणि पांढरे कापड कोणी धरले होते, तेही.