जमीन गावाची, आकाश कोणाचे?

सांता मोनिका हे कॅलिफोर्नियातले पॅसिफिकच्या काठावरचे छोटे शहर. तीन बाजूंनी लॉस एंजेलिसचा वेढा, पण कारभार स्वतंत्र. तिथल्या विमानतळाचे जुने नाव क्लोव्हर फील्ड. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ग्रेअर क्लोव्हर या वैमानिकाच्या स्मरणार्थ ते १९२३ साली दिले गेले. १७ मार्च १९२४ रोजी डग्लस कंपनीने बांधलेली अमेरिकन लष्कराची चार विमाने इथून सिअ‍ॅटलला गेली आणि तिथून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. त्यांतल्या दोन विमानांनी ती पूर्ण केली. १९२६ साली शहराने उद्यानासाठी काढलेल्या कर्जरोख्यांच्या पैशातून ही जमीन विकत घेतली. पुढे डग्लसचा कारखाना इथे आला आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी डीसी-३ या विमानाने पहिली झेप इथूनच घेतली. आपल्याकडे हे विमान डाकोटा या नावाने ठाऊक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी श्रीनगरला आपले जवान उतरले ते डाकोटांतूनच. एवढी पुण्याई असलेला हा विमानतळ ३१ डिसेंबर २०२८ नंतर बंद करण्याचा अधिकार आज शहराच्या हाती आहे. तो मिळवायला जवळजवळ अर्धे शतक कोर्टकचेऱ्यांत गेले.

या अर्ध्या शतकाचा इतिहास सहसा गोंगाटाने त्रासलेले रहिवासी विरुद्ध हौशी वैमानिक असा सांगितला जातो. ते वरवरचे आहे. माझ्या मते त्यातला खरा प्रश्न मालकीचा आहे. विमानाच्या आवाजावर गावाची हुकमत चालते ती गाव सरकार आहे म्हणून चालत नाही. धावपट्टीखालची जमीन गावाची असते आणि तिच्यामुळे होणाऱ्या त्रासाची भरपाई गावाला द्यावी लागते, म्हणून ती चालते. जिथे जबाबदारी गावाच्या गळ्यात पडली तिथेच थोडा अधिकारही गावाकडे आला, आणि वॉशिंग्टनने अधिकार काढून घेतला तेव्हा जबाबदारी मात्र तिथेच ठेवली. अमेरिकेतल्या छोट्या विमानतळांच्या बहुतेक भांडणांच्या तळाशी हीच विषमता आहे.

याची सुरुवात एका कोंबड्यांच्या खुराड्यापासून झाली. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोजवळ कॉझबी नावाच्या शेतकऱ्याचा कुक्कुटपालनाचा व्यवसाय होता. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या विमानतळावर उतरणारी लष्करी विमाने त्याच्या शेतावरून अवघ्या ८३ फुटांवरून जात. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. सुमारे दीडशे कोंबड्या अशा गेल्या आणि धंदा बसला. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जमिनीची मालकी आकाशापर्यंत पोचते हा जुना सिद्धान्त विमानयुगात टिकणारा नाही, पण इतक्या खालून सतत उडणे म्हणजे जमीनच घेतल्यासारखे आहे, तेव्हा भरपाई द्यावी लागेल. ही भरपाई कोणी द्यायची, याचा निकाल १९६२ साली पिट्सबर्गच्या विमानतळाच्या खटल्यात लागला. विमाने खासगी कंपन्यांची आणि मार्ग केंद्राच्या नियमांनी ठरलेले असले, तरी जागा निवडून विमानतळ बांधला तो काउंटीने, म्हणून पैसे काउंटीनेच मोजायचे. स्थानिक संस्थांना हा निकाल जड गेला असणार. पण पुढच्या दोन दशकांत त्यांना जी काही ताकद मिळाली, तिचे मूळ याच निकालात आहे.

ते कसे, हे १९७३ च्या बरबँक खटल्यातून कळते. लॉस एंजेलिसजवळच्या बरबँक शहराने रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत जेट विमानांच्या उड्डाणांना बंदी घातली होती. तिथला विमानतळ लॉकहीड कंपनीचा होता, शहराचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही बंदी रद्द केली. आकाशातली वाहतूक केंद्राची. प्रत्येक शहर आपापले घड्याळ लावू लागले तर देशभरची वेळापत्रके कोलमडतील, असे बहुमताचे म्हणणे होते. त्याच निकालाच्या एका तळटीपेत मात्र न्यायालयाने एक दार किलकिले ठेवले. शहर स्वतःच विमानतळाचे मालक असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर आपण देत नाही, असे त्यात म्हटले होते. भरपाईचा बोजा मालकावर असेल तर तो बोजा कमी करण्याची साधनेही मालकाला हवीत, हा युक्तिवाद त्या दारातून आत आला. अमेरिकन शहरांना रात्रीची झोप राखण्याचा हक्क मिळाला तो असा, घरमालकासारखा.

सांता मोनिकाने हा हक्क शेवटपर्यंत ताणून पाहिला. सुमारे पाच हजार फुटांच्या धावपट्टीच्या टोकांपासून काही घरे जेमतेम तीनशे फुटांवर होती. साठच्या दशकात तिथे जेट विमाने येऊ लागली आणि रहिवाशांनी शहरावरच दावे लावले. १९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की विमानतळाच्या उपद्रवाबद्दल शहराविरुद्ध दावा चालू शकतो. मग शहराने नियमांचा धडाका लावला: रात्रीच्या उड्डाणांना बंदी, हेलिकॉप्टरच्या प्रशिक्षणाला बंदी, शनिवार-रविवारी उतरता उतरताच पुन्हा उडण्याच्या सरावाला बंदी, एका उड्डाणाच्या आवाजाला कमाल मर्यादा आणि जेट विमानांना सरसकट मज्जाव. वैमानिकांची संघटना कोर्टात गेली. १९७९ साली संघराज्याच्या न्यायालयाने आणि १९८१ साली वरच्या न्यायालयाने यातले जवळजवळ सारे उचलून धरले. फक्त जेटबंदी फेटाळली. नवी जेट विमाने परवानगी असलेल्या काही पंख्याच्या विमानांपेक्षा जास्त आवाज करत नाहीत, मग केवळ जेट म्हणून भेदभाव का, असे न्यायालयाने विचारले. मला हा निकाल अत्यंत शहाणपणाचा वाटतो. आवाजाला बंधन घाला, विमानाच्या जातीला नको, एवढेच त्याने सांगितले.

आणि आवाज मोजायचा कसा, यातच तर सारी ग्यानबाची मेख आहे. केंद्रीय विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, वर्षभराच्या दिवसरात्रीची सरासरी काढते. रात्रीच्या आवाजाला १० डेसिबलचा जादा भार देते आणि ही सरासरी ६५ डेसिबलच्या आत असली तर वस्ती राहण्याजोगी मानते. नियोजनासाठी हे माप सोयीचे आहे. पण झोपलेले मूल सरासरीने दचकून उठत नाही, ते पहाटे साडेपाचला गेलेल्या एका विमानाने उठते. दिवसातून मोजकीच विमाने, पण प्रत्येक छपराला घासून गेल्यासारखी, अशी स्थिती छोट्या विमानतळाची असते आणि तिथे सरासरी कायमच निर्दोष निघते. सांता मोनिकाने एकेका उड्डाणाचा आवाज मोजण्याची पद्धत धरली: ते उड्डाण जेवढी ध्वनिऊर्जा टाकून जाते ती सारी एका सेकंदात कोंबली तर किती डेसिबल भरेल, ते माप. ही मर्यादा आधी १०० होती. १९८४ साली शहर आणि एफएए यांच्यात करार झाला आणि ती ९५ वर आली. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना मोजणी यंत्रे बसली, मर्यादा मोडणाऱ्याला नोटीस आणि दंड होऊ लागला, आणि नागरिकांच्या विमानतळ आयोगापुढे तक्रारी मांडता येऊ लागल्या. बदल्यात शहराने १ जुलै २०१५ पर्यंत विमानतळ चालवण्याचे वचन दिले. स्थानिक देखरेख म्हणजे काय, याचा इतका नेटका नमुना दुसरा क्वचितच मिळेल.

‘विमानतळ आधी आला, घरे नंतर, मग तक्रार कसली?’ हा आक्षेप पहिल्यापासून घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहेच. पण इथे दोन गोष्टी विसरल्या जातात. शेजारच्या सनसेट पार्क वस्तीत डग्लसचेच कामगार राहात. कारखाना आणि घरे हातात हात घालून वाढली. आणि ज्या विमानतळाशेजारी ही घरे उभी राहिली तो पंख्याच्या विमानांचा होता. पन्नाशीच्या दशकाअखेर डीसी-८ या मोठ्या जेटसाठी धावपट्टी लांबवावी, अशी डग्लसची मागणी होती. घरे पाडावी लागतील म्हणून शहराने नकार दिला, आणि ते विमान लाँग बीचला बांधले गेले. जेटऐवजी घरांची निवड शहराने तेव्हाच केली होती, आणि त्यासाठी आपला सर्वांत मोठा रोजगारदाता गमावण्याची तयारीही दाखवली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विमानतळ एकट्यादुकट्याचा नसतो, तो जाळ्यातली एक गाठ असतो. प्रत्येक गावाने आपली गाठ सोडली तर जाळेच उरणार नाही. १९९० साली अमेरिकन संसदेने याच विचाराने कायदा केला. जुनी, कर्णकर्कश मोठी जेट विमाने १९९९ अखेर सेवेतून काढायची आणि त्याच्या मोबदल्यात गावांनी नवी बंधने घालण्याआधी दीर्घ अभ्यास करून केंद्राची प्रक्रिया पार पाडायची, असा तो सौदा होता. मोठी विमाने त्यामुळे खरोखरच शांत झाली, हे मान्य केले पाहिजे. पण छोट्या विमानतळांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. त्यांचा त्रास खासगी जेट आणि हेलिकॉप्टरचा होता. सांता मोनिकाचे नियम आधीचे म्हणून वाचले. न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट हॅम्प्टनचे दैव तेवढे चांगले नव्हते. मॅनहॅटनहून येणाऱ्या हेलिकॉप्टरांना कंटाळून त्या गावाने २०१५ साली रात्रीची बंदी घातली. १९९० ची प्रक्रिया पाळली नाही, या कारणाने २०१६ साली अपील न्यायालयाने ती अडवली. देशभरच्या जाळ्याला धोका होता म्हणावे, तर सांता मोनिकाचे नियम तीस वर्षांहून अधिक काळ चालले आणि त्या काळात लॉस एंजेलिसच्या हवाई वाहतुकीचे काही बिघडले नाही. अनुभवाचा हा पुरावा तर्कापेक्षा मोलाचा आहे.

सौम्य उपायांचे दार बंद झाले की माणसे टोकाच्या उपायाकडे वळतात, आणि पुढे तेच घडले. २००८ साली शहराने वेगाने उतरणाऱ्या मोठ्या जेटना बंदी केली. धावपट्टीच्या टोकाला सुरक्षित मोकळी जागाच नाही, हे कारण होते. २०११ साली न्यायालयाने एफएएच्या बाजूने कौल दिला. २०१५ ची मुदत आली तेव्हा एफएएने दोन कागद पुढे केले. युद्धकाळात केंद्राने भाड्याने घेतलेली जमीन परत देताना १९४८ साली केलेल्या हस्तांतरण पत्रातल्या अटी हा एक. दुसरा जुन्या अनुदानाचा: २००३ साली त्यात सुमारे २ लाख ४० हजार डॉलरची भर पडली, म्हणून बांधिलकी २०२३ पर्यंत लांबली, असे एफएएचे म्हणणे. अखेर २८ जानेवारी २०१७ रोजी समझोता जाहीर झाला. २०२८ अखेरपर्यंत विमानतळ चालवायचा, नंतर शहर तो बंद करू शकेल, आणि तोवर धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० वर आणायची. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती आखूड झाली आणि जेटची वर्दळ झपाट्याने घटली.

या व्यवस्थेत एक अन्याय उरतो, तो लपवू नये. धावपट्टीला लागून असलेल्या काही वस्त्या लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीत आहेत. आवाज त्यांच्याही डोक्यावर, पण सांता मोनिकाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. मालकीतून आलेला अधिकार मालकापुरताच पोचतो. इथून हटलेली विमाने व्हॅन नायस किंवा हॉथॉर्नला गेली तर तिथल्या रहिवाशांच्या वाट्याला काय येईल, याचेही उत्तर या समझोत्यात नाही.

महाराष्ट्रात हा सारा पेच सुरूच होत नाही, कारण विमानतळ हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत २९ व्या क्रमांकावर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूला उतरले, तिथली धावपट्टी केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाची. बारामती, लातूरसारख्या धावपट्ट्या राज्याने उभारलेल्या. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांतल्या कशाचीच मालक नाही. त्यामुळे तिच्यावर भरपाईचा बोजा नाही आणि तिच्या हाती नियमही नाही. सरावाची विमाने दिवसभर ज्या गावांवर घिरट्या घालतात, तिथल्या सरपंचाला अर्ज पुढे पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही.

सांता मोनिकाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्येच ठरवून ठेवले आहे की विमानतळ बंद झाला तर ती २२७ एकर जागा उद्यान, मोकळी जमीन आणि खेळाच्या सोयींसाठी राहील, आजवरच्या कला-शिक्षणाच्या वापरांची जपणूक होईल, आणि दुसरे काही बांधायचे तर पुन्हा मतदान घ्यावे लागेल. १९२६ साली ज्या कर्जरोख्यांवर ही जमीन घेतली, ते उद्यानासाठीच काढलेले होते.