देणेकऱ्याने कोणाला विचारावे? : कर्जसल्ल्याचा एक ऐतिहासिक मागोवा

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा या स्मरणिकेत अन्य अधिकारी व्यक्तींनी घेतला असेलच. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ग्रंथालय, हळदीकुंकू यांच्या आठवणी वाचकांना आनंद देतील यात शंका नाही. आम्ही मात्र येथे अशा एका विषयाकडे लक्ष वेधू इच्छितो, की ज्याची वाच्यता समारंभात कधी होत नाही आणि घरात झालीच तर दार लोटून घेऊन होते. तो विषय म्हणजे कर्ज. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, डोक्यावर हक्काचे छप्पर, अचानक आलेले आजारपण, यांपैकी काही ना काही प्रत्येक संसाराला कर्जाच्या दाराशी नेऊन उभे करते. गावी असतो तर थोरल्या काकांना किंवा मामांना विचारले असते. आपल्या मुलखापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाजवळ ती सोय नसते. मग विचारावे कोणाला?

हा प्रश्न आजचा नाही. महाराष्ट्राच्या आणि सबंध देशाच्या इतिहासात त्याची उत्तरे शोधण्याचे अनेक प्रयत्न झाले. काही फसले, काही अर्धे साधले. त्यांचा थोडक्यात परामर्श घेतल्यास आपणांस काही उपयुक्त गोष्टी हाती लागतील, असा आमचा विश्वास आहे.

कर्जाचे नाव काढताच मराठी मनाला प्रथम देहूची आठवण होते. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती. लोकांकडून येणे असलेल्या खतांपैकी निम्मी धाकट्या बंधूला, कान्होबांना, देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. परंतु असा धनको शतकांतून एखादाच. सामान्य ऋणकोला व्यवहारातच मार्ग काढावा लागतो, आणि तेथे थोरामोठ्यांचीही सुटका झालेली नाही. थोरल्या बाजीरावांनी नर्मदेपलीकडे मराठ्यांचा दरारा बसविला, पण मोहिमांच्या खर्चाने ते कायम कर्जात बुडालेले असत. सावकारांच्या पायांवर डोके ठेवता ठेवता कपाळ झिजले, अशा अर्थाची व्यथा त्यांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रातून कळविली होती. यातील मर्म असे की, हे स्वामी पेशव्यांचे गुरू होते आणि त्याच वेळी त्यांचे सावकारही होते. स्वामींच्या लोकोपयोगी कामांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि ज्याचे आपण देणे लागतो, त्याच्याकडूनच देण्याविषयी निःपक्षपाती सल्ला मिळणे कठीण, हे या नात्यावरून उघड होते. गुरूची गादी आणि सावकाराची गादी या दोन वेगळ्याच असलेल्या बऱ्या.

जुन्या धर्मशास्त्राने ऋणकोला एक मोठा आधार दिला होता. तो म्हणजे दामदुपटीचा नियम. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, हा त्याचा आशय. इंग्रजी अमलात न्यायालये आली, मुद्रांकाचा कागद आला, आणि गावकीच्या मध्यस्थीचे बळ ओसरले. सन १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची ठरविली. व्याज फार काळ साचू नये, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहवून घेई, आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढे. ज्याला अक्षरओळख नाही तो शेतकरी त्यावर अंगठा उठवी. आपण किती घेतले, किती फेडले आणि किती उरले, हे त्याला सांगणारे गावात कोणी नसे. लिहिणारा सावकाराचा, वाचून दाखविणाराही त्याचाच.

याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते. सन १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला. त्यात सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो वाढविला. या सर्वांची परिणती म्हणून १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. या दंग्यात माणसांवर हात टाकल्याचे प्रकार तुलनेने थोडे. जमावाचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ती बाहेर काढून जाळण्यात आली. आपल्याला न कळणारा हिशेब नाहीसा करणे, एवढाच उपाय त्या माणसांना दिसला.

दंग्यांच्या चौकशीनंतर सन १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. आमच्या मते आपल्या देशातील कर्जसल्ल्याच्या इतिहासाचे पहिले पान हेच होय. रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता न्यायाधीशाने मूळ व्यवहारापासून हिशेब तपासावा, असे या कायद्याने सांगितले. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा, भरलेल्या रकमेची पावती मिळावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यावा, पैशाच्या देण्यापायी शेतकऱ्यास कैद होऊ नये, अशा तरतुदी त्यात होत्या. दाव्यापूर्वी उभयतांचा समेट घडवून आणण्यासाठी मध्यस्थ नेमले गेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘माझ्याकडे नेमके येणे किती, ते दाखवा’ एवढ्याचसाठी ऋणकोलाही न्यायालयात जाण्याचा अधिकार मिळाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सन १८९३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले, हे वाचकांस ठाऊक असेल.

या कायद्याने अनेक शेतकऱ्यांचे आकडे खाली आले, जमिनी वाचल्या. परंतु पळवाटाही निघाल्या. गहाणखतावर न्यायालय खोलात जाऊन चौकशी करते असे दिसताच सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहवून घेऊ लागले. झालेले देणे तपासण्याचे काम कायदा करू शकतो, पण नवे कर्ज घेण्याच्या क्षणी ऋणकोच्या शेजारी बसू शकत नाही, ही त्याची मर्यादा होती.

ती उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनीच केला, हे आपल्या मंडळाच्या सभासदांना विशेष अभिमानाचे वाटावे. सन १८८९ मध्ये बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. सहकारी संस्थांचा कायदा देशात होण्यापूर्वी पंधरा वर्षे ही गोष्ट घडली. मध्यमवर्गीय कुटुंबांना काटकसरीची सवय लागावी, सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा त्यामागील उद्देश. ‘अन्योन्य’ या शब्दातच सारे आले. कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकाच आळीतले. अमक्याचा पगार किती, त्याच्या घरी खाणारी तोंडे किती, हे एकमेकांस माहीत. त्यामुळे ‘एवढे झेपणार नाही, निम्मे घ्या’ असे सांगण्याचा अधिकारही आपोआपच येई. पुढे सन १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्याचीही प्रेरणा जर्मनीतील राइफायझन यांच्या याच शेजारधर्मी पद्धतीची होती. मात्र शतकाहून अधिक काळ चाललेली ही बडोद्याची संस्थाही अखेरीस अडचणीत आली, हेही नमूद केले पाहिजे. संस्था आपली आहे म्हणून तिचा ताळेबंद पाहण्याचे सोडू नये, हा त्याचा बोध.

जागतिक मंदीच्या काळात शेतमालाचे भाव कोसळले आणि जुन्या कर्जांचे ओझे असह्य झाले, तेव्हा मध्यप्रांताने सन १९३३ मध्ये कर्जसमेटाचा कायदा केला. पंजाबने १९३४ मध्ये, बंगालने १९३५ मध्ये आणि मद्रासने १९३६ मध्ये त्याच दिशेने पावले टाकली. देणेकऱ्याने अर्ज केला की समेट मंडळ सर्व धनकोंना एकत्र बोलावी, प्रत्येकास आपला हिशेब मांडावयास लावी आणि शक्य तेथे तडजोडीने हप्ते बांधून देई. एकेका सावकाराला एकेकटे तोंड देण्याऐवजी सर्व देणी एका मेजावर मांडणे, ही या मंडळांची खरी देणगी होय. दुसरी बाजूही होती. समेटानंतर कित्येक ठिकाणी सावकारांनी नवे कर्ज देणेच थांबविले, आणि पर्यायी पतपुरवठा नसल्याने शेतकरी पेरणीच्या वेळी अडला.

शहरांतील नोकरदारांची स्थिती फारशी वेगळी नव्हती. व्हिटली आयोगाने सन १९३१ च्या अहवालात असे नोंदविले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि त्यांतील फार मोठ्या संख्येचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहूनही अधिक आहे. या आयोगाचे एक सदस्य ना. म. जोशी हे होते. त्यांच्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईत गिरणी कामगारांच्या सहकारी पतसंस्था काढण्याचे काम केले होते. कामगाराला उपदेश पुष्कळ मिळतो, पगाराच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या पठाणाला काय उत्तर द्यावे हे मात्र कोणी सांगत नाही, हे ही मंडळी जाणून होती.

सरकारी नोकरीत आम्हां सर्वांस परिचित असा एक नियम आहे. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम, १९६४ यांतील सतरावा नियम सांगतो की, कर्मचाऱ्याने सततचा कर्जबाजारीपणा व दिवाळखोरी टळेल अशा रीतीने आपले खाजगी व्यवहार ठेवावेत. नियम योग्यच आहे. परंतु आमच्या दीर्घ सेवेत आम्ही असे पाहिले, की या नियमाच्या भयाने कर्जात सापडलेला मनुष्य ते लपवू लागतो. तो वरिष्ठांना सांगत नाही, शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला सांगत नाही आणि बहुधा पत्नीलाही सांगत नाही. एक देणे भागविण्यासाठी दुसरे काढतो, दुसऱ्यासाठी तिसरे. मूळ रक्कम अनेकदा लहान असते. तिला मोठे करते ते व्याज, आणि व्याजाला वाढू देते ते मौन.

अलीकडच्या काळात या बाबतीत काही व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. सन २००६ मध्ये मुंबईत बँक ऑफ इंडियाच्या पुढाकाराने ‘अभय’ हे कर्जसल्ला केंद्र निघाले. सन २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा केंद्रांची आदर्श योजना प्रसृत केली. सल्ला विनामूल्य असावा, केंद्राने आपल्या मातृबँकेपासून अंतर राखावे, तिच्या योजनांची विक्री करू नये, ही तिची मुख्य सूत्रे. सन २०१२ पासून अग्रणी बँकांची वित्तीय साक्षरता केंद्रे या नव्या रूपात हे कार्य पुढे नेण्यात आले. पतमाहिती कंपन्यांकडून स्वतःचा संपूर्ण पत-अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळण्याची सोय सन २०१७ पासून झाली. बँकेने तक्रारीची दाद घेतली नाही तर लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. सन १८७९ च्या शेतकऱ्याला ‘माझा हिशेब दाखवा’ म्हणण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागे. आज तेच काम घरबसल्या होते. तरीही दूरध्वनीवर येणारे तात्काळ कर्जाचे आमिष आणि ‘शुल्क भरा, तुमचे कर्ज निम्म्यावर आणतो’ असे सांगणारे दलाल यांना सुशिक्षित घरेही बळी पडतात. विश्वास पानिपतावर गेला असे आपण म्हणतो. पण नको तेथे विश्वास टाकण्याची आपली खोड काही तेथे गेली नाही.

मग विश्वासू सल्लागार ओळखावा कसा? या सर्व इतिहासातून आम्हांस तीन कसोट्या दिसतात. पहिली, आपल्या कर्जातून, व्याजातून किंवा तडजोडीतून त्याला एक पैसाही मिळत नसावा. दुसरी, उपाय सांगण्याआधी त्याने हिशेब मागावा. सर्व देणी, त्यांचे व्याजदर आणि हप्ते एका कागदावर मांडून घेतल्याशिवाय जो आश्वासन देतो, त्याला नमस्कार करून परतावे. तिसरी, ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य त्याच्या अंगी असावे. हे लग्न लहान करा, हे घर दोन वर्षे थांबवा, महागड्या व्याजाचे देणे आधी फेडा, असे तो तोंडावर सांगू शकला पाहिजे. ऋणकोकडून अपेक्षा एकच. त्याने सारे सांगावे. वैद्यापासून दुखणे आणि सल्लागारापासून देणे लपविणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

आपल्या मंडळाने सभासदांस कर्ज द्यावे, असे आम्ही सुचवीत नाही. तो मार्ग वेगळा आणि जोखमीचा आहे. परंतु बँकेतून, लेखापरीक्षा विभागातून व न्यायखात्यातून निवृत्त झालेली कितीतरी मंडळी आपल्यात आहेत. त्यांपैकी दोघांनी महिन्यातून एक सायंकाळ ग्रंथालयाच्या खोलीत बसावे, आलेल्याचा कागद पाहावा, हिशेब मांडून द्यावा आणि झालेले बोलणे त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी बडोद्याच्या मराठी मंडळींनी जे आपसांत सुरू केले, त्याचाच हा लहानसा अंश होईल. पन्नास वर्षांत या मंडळाने आपल्या सुखाचे प्रसंग एकत्र साजरे करावयास शिकविले. अडचणीचा कागदही एकमेकांपुढे निःसंकोच उलगडता यावा, एवढी जवळीक पुढील वर्षांत साधावी, अशी मंडळाच्या चरणी आमची नम्र प्रार्थना आहे.