रामचंद्र, सी.
(१२ जानेवारी १९१८–५ जानेवारी १९८२). हिंदी-मराठी चित्रपटांचे अष्टपैलू संगीत दिग्दर्शक, गायक व निर्माते. संपूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म पुणतांबे (सध्याचा अहिल्यानगर जिल्हा) येथे. मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये संवादिनीवादन करीत त्यांनी चित्रपटसंगीताचे तंत्र आत्मसात केले. *शहनाई* (१९४७) व *अलबेला* (१९५१) या चित्रपटांतून त्यांनी पाश्चात्त्य नृत्यताल भारतीय चालींशी एकजीव केले. केवळ उडत्या चालींचे संगीतकार हा त्यांच्यावरील शिक्का *अनारकली* (१९५३) मधील रागाधिष्ठित, आर्त गीतांनी पुसला गेला. ‘चितळकर’ या नावाने ते गात. न्यू साई प्रॉडक्शन्सतर्फे त्यांनी चित्रपटनिर्मितीही केली. कवी प्रदीप यांच्या हुतात्मागीताला त्यांनी दिलेली चाल लता मंगेशकरांच्या स्वरांत दिल्लीत २७ जानेवारी १९६३ रोजी सादर झाली. चित्रपटाबाहेरील हीच रचना त्यांची चिरस्थायी ओळख ठरली. *माझ्या जीवनाची सरगम* हे त्यांचे आत्मचरित्र. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.