संग्रहालयात शिरलेले झाड : कोकुफू-तेनची कहाणी

१/
मार्च १९३४. टोकियोच्या उएनो उद्यानातील कलासंग्रहालयात एक निराळेच प्रदर्शन भरले. ज्या वास्तूत एरवी चित्रे आणि शिल्पे मांडली जात, तेथे मातीच्या कुंड्यांतील जिवंत झाडे मांडलेली होती. या प्रदर्शनाचे नाव 'कोकुफू-तेन'. तेथे आपले झाड निवडले जावे, हे आजही जगभरातील बोन्सायकारांचे स्वप्न असते. कुंडीतले झाड कलासंग्रहालयापर्यंत कसे पोहोचले, आणि निवडले जाण्यासाठी त्याला कोणकोणत्या हातांतून जावे लागते, हा आजच्या थ्रेडचा विषय.

२/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. कुंडीत वृक्ष लहान ठेवण्याची कला मूळची चीनची. तेथे तिला 'पेंजिंग' म्हणतात. जपानमध्ये ती बौद्ध भिक्षू, राजदूत आणि व्यापारी यांच्यामार्फत आली. १३०९ च्या सुमाराच्या 'कासुगा गोंगेन गेंकी' या चित्रपटात तबकांतील लहान झाडे रंगवलेली दिसतात. तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सू याच्या नावाने ओळखला जाणारा एक पाइन टोकियोच्या राजवाड्यात आजही जिवंत आहे. म्हणजे आपल्याकडे शहाजीराजे हयात होते, त्या काळापासून त्याला कोणी ना कोणी रोज पाणी घालत आले आहे.

३/
परंतु हे सारे खासगी वैभव होते. झाड पाहायचे तर कुणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून जावे लागे. दिवाणखान्यातील 'तोकोनोमा' नावाच्या कोनाड्यात, एखाद्या चित्रासमोर, ते मांडलेले असे. मेजी काळात मात्र चित्र पालटू लागले. १८९२ मध्ये टोकियोत 'कलात्मक बोन्साय' असे नाव घेऊन एक मेळावा भरला आणि त्याचा सचित्र ग्रंथ तीन खंडांत निघाला. पुढे उपाहारगृहांच्या दालनांत प्रदर्शने होऊ लागली. १९१४ पासून हिबिया उद्यानात देशभरातील झाडांचे प्रदर्शन भरू लागले. झाड घराबाहेर पडले होते, पण अद्याप त्याची जागा बागेतच होती.

४/
१ सप्टेंबर १९२३. कांतो भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगींनी टोकियो उद्ध्वस्त झाले. दांगोझाका आणि कोमागोमे या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माळी कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला. शहरात मोकळी जागा उरली नव्हती, हवा आणि पाणी दोन्ही बिघडत चालले होते. त्यांपैकी काहींनी उत्तरेकडे ओमिया येथे जमीन घेतली आणि १९२५ मध्ये तेथे 'बोन्साय ग्राम' वसवले.

५/
या वसाहतीचे नियम वाचण्यासारखे आहेत. येथे राहणाऱ्याकडे किमान १० बोन्साय असावेत. त्याने आपली बाग सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवावी. दुमजली घर बांधू नये. कुंपण भिंतीचे नसावे, झुडपांचे असावे. दुमजली घराची सावली शेजाऱ्याच्या झाडांवर पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमांमागचा व्यवहार उमगतो. नगररचनेचे नियम झाडांच्या सोयीने ठरवणारी वसाहत इतिहासात विरळाच.

६/
आता या कहाणीतील मुख्य व्यक्ती. नोरिओ कोबायाशी (१८८९–१९७२) हे संपादक होते. १९२१ मध्ये त्यांनी 'बोन्साय' नावाचे मासिक सुरू केले आणि त्याचे सलग ५१८ अंक काढले. बोन्साय हा श्रीमंतांचा छंद नसून चित्रशिल्पांच्या तोडीची कला आहे, हा त्यांचा ध्यास. आणि कलेला मान्यता मिळते कोठे? कलासंग्रहालयात.

७/
टोकियोत असे सार्वजनिक कलासंग्रहालय नुकतेच उभे राहिले होते. क्यूशूतील कोळसा व्यापारी केइतारो सातो यांनी दिलेल्या १० लाख येन देणगीतून १९२६ मध्ये ते खुले झाले. कलाकारांनी कृती पाठवायच्या, परीक्षकांनी निवडायच्या आणि निवडलेल्याच भिंतीवर लागायच्या, ही प्रथा तेथील चित्रप्रदर्शनांत रुळलेली होती. कोबायाशींना बोन्साय याच चौकटीत हवे होते.

८/
त्यांना पाठबळ मिळाले ते काउंट योरिनागा मात्सुदाइरा यांचे. ताकामात्सुच्या जुन्या सरदार घराण्याचे हे वंशज स्वतः बोन्सायचे मोठे संग्राहक होते आणि पुढे १९३७ मध्ये सरदारांच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. संपादकाची चिकाटी आणि सरदाराचे वजन एकत्र आले, तेव्हा संग्रहालयाचे दार उघडले. प्रारंभीच्या वर्षांत हे प्रदर्शन वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भरत असे.

९/
नावाकडेही पाहू. 'कोकुफू' म्हणजे देशी रीत, राष्ट्रीय शैली. 'तेन' म्हणजे प्रदर्शन. काळ कोणता? १९३१ मध्ये जपानी सैन्य मांचुरियात घुसले होते आणि १९३३ मध्ये जपानने राष्ट्रसंघातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले होते. 'राष्ट्रीय' या शब्दाला तेव्हा विशेष धार होती. गंमत अशी, की कला मूळची चिनी, आणि या राष्ट्रीय प्रदर्शनात ज्या कुंड्यांना सर्वाधिक मान, त्याही बहुधा जुन्या चिनी. संस्कृतीला राष्ट्राच्या चौकटीत बसवू पाहणाऱ्यांची अशी पंचाईत सर्वत्र होते.

१०/
आता मूळ प्रश्न : झाडाचे परीक्षण करायचे कसे? परीक्षक प्रथम खाली पाहतात. मुळे चोहोबाजूंनी जमिनीला धरून पसरली आहेत का? मग बुंधा : तो वर जाताना क्रमाने निमुळता होतो का? मग फांद्यांची मांडणी, सालीवरचे वय, कुंडीशी मेळ, आणि झाडाचे आरोग्य. झाडाला एक 'दर्शनी बाजू' असते. तिच्याकडून पाहिले असता सारे जुळून यावे लागते.

११/
पण चित्र आणि झाड यांत एक मूलभूत फरक आहे. चित्र पूर्ण करून परीक्षकांपुढे ठेवता येते. झाड कधीच पूर्ण होत नाही. ते परीक्षणाच्या दिवशीही वाढत असते आणि प्रदर्शन संपल्यावरही वाढणार असते. म्हणून प्रवेशिका पाठवणाऱ्याला एका ठरावीक तारखेकडे झाडाची वाढ वळवून आणावी लागते. हे कसब प्रदर्शनामुळेच विकसित होत गेले.

१२/
उदाहरणार्थ, जपानी काळा पाइन. आज कोकुफू-तेन फेब्रुवारीत भरते. त्या वेळी या पाइनच्या सुया आखूड आणि एकसारख्या हव्यात. त्यासाठी आदल्या उन्हाळ्याच्या आरंभी त्याचे वसंतात फुटलेले कोंब कापून टाकतात. झाड पुन्हा फुटते, पण वाढीचे दिवस कमी उरल्याने नव्या सुया आखूड राहतात. लवकर कापले तर सुया लांबतात, उशीर झाला तर त्या खुरट्या राहतात. म्हणजे फेब्रुवारीतले रूप जूनच्या सुमारासच ठरलेले असते.

१३/
जुनिपरची तयारी वेगळी. त्याच्या बुंध्यावर वठलेल्या लाकडाचे पांढरे पट्टे असतात. ते स्वच्छ करून त्यांना चुना आणि गंधकाचे द्रावण लावतात. त्याने लाकूड टिकते आणि पांढरे राहते. जिवंत साल ब्रशने घासली की तिचा तांबूस रंग खुलतो. मेपल आणि झेल्कोवा हे पानगळीचे वृक्ष मात्र फेब्रुवारीत निष्पर्ण असतात. त्यांना काहीही झाकता येत नाही. वीस-तीस वर्षांच्या छाटणीतून झालेले बारीक फांद्यांचे जाळे, आणि त्यातली प्रत्येक चूक, उघडी दिसते.

१४/
मग कुंडी. रोजच्या वाढीची कुंडी साधी असते. प्रदर्शनाची कुंडी झाडाला शोभणारी, अनेकदा मौल्यवान. मुळांना धक्का न लावता झाड त्यात बसवायचे, मातीवर शेवाळाचा पातळ थर जुळवायचा, आकार देण्यासाठी गुंडाळलेली तार शक्य तितकी काढायची, कुंडीला हलका तेलाचा हात फिरवायचा. खाली योग्य उंचीचा चौरंग आणि शेजारी ऋतू सुचवणारे एखादे छोटे रोप. एवढे झाल्यावरही निवड होईलच असे नाही. आणि झाली, तरी प्रदर्शन थोड्या दिवसांचे; थंडीत विसावलेले झाड बंद दालनात फार काळ ठेवणे धोक्याचे असते.

१५/
आता एक अस्वस्थ करणारी गोष्ट. कोकुफू-तेनमध्ये झाडासमोरच्या पाटीवर नाव असते ते मालकाचे. ज्याने वर्षभर कोंब खुडले, तार गुंडाळली, कडक उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाणी घातले, तो व्यावसायिक बोन्सायकार आणि त्याचे शिष्य बहुधा अनामिक राहतात. कोबायाशींनी बोन्सायला कलेचा मान मिळवून दिला. कलाकाराचे नाव मात्र त्या पाटीवर आले नाही.

१६/
हे आपल्याला परके वाटू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव सांगतो. तेथील इतर लेखांतही स्तंभांचे दान करणाऱ्यांची नावे आहेत. तो अजस्र कातळ ज्यांनी छिन्नीने कोरला, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आपल्याला कळत नाहीत. दाता नोंदवला जातो, हात विरून जातात. बोन्सायच्या बाबतीत तर आणखी अवघड : एका झाडाला चार-पाच पिढ्यांचे हात लागलेले असतात. नाव लिहायचे तरी कोणाकोणाचे?

१७/
या अनामिक हातांचे मोल युद्धाने दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत प्रदर्शन बंद पडले. मात्सुदाइरा १९४४ मध्ये निवर्तले. टोकियोवर बॉम्बवर्षाव होऊ लागला. संग्रहालये अशा वेळी चित्रे पेटाऱ्यांत भरून दूर हलवतात. झाडाला पेटारा नसतो. त्याला ऊन लागते, आणि उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकले तरी शंभर वर्षांचे झाड दगावू शकते. माणसे आघाडीवर गेली, हात कमी पडले आणि असंख्य नामांकित झाडे मेली.

१८/
जी वाचली, ती मोजक्या माणसांमुळे. ओमियाचे क्यूझो मुराता यांनी युद्धकाळातही आपली बाग टिकवली. राजवाड्याच्या संग्रहातील झाडांची निगाही त्यांच्याकडे होती. हिरोशिमात मासारू यामाकी यांच्या बागेतील पाइन ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बमधून वाचला. केंद्रबिंदूपासून तो सुमारे ३ किलोमीटरवर होता आणि बागेची भिंत मध्ये आली. १९७६ मध्ये यामाकींनी हाच पाइन अमेरिकेला भेट म्हणून दिला, आणि त्याचा हा पूर्वेतिहास तेथील लोकांना २००१ पर्यंत ठाऊक नव्हता.

१९/
१९४७ मध्ये कोकुफू-तेन पुन्हा सुरू झाले. येथे इतिहासप्रेमींसाठी एक छोटे कोडे : फेब्रुवारी २०२५ चे प्रदर्शन ९९ वे होते. पण १९३४ पासून २०२५ पर्यंत वर्षे भरतात ९२, आणि त्यांतली काही युद्धाने खाल्ली. मग ९९ कसे? उत्तर आठव्या पोस्टमध्ये आहे : आरंभीच्या वर्षांत ते वर्षातून दोनदा भरे. एका क्रमांकात युद्धपूर्व उत्साह आणि युद्धाची पोकळी दोन्ही दडलेली आहेत.

२०/
पुढचा प्रवास वेगाने झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी आणि १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात परदेशी पाहुण्यांनी बोन्साय पाहिले. १९६५ मध्ये निप्पोन बोन्साय असोसिएशन स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष माजी पंतप्रधान शिगेरू योशिदा, ज्यांनी १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता करारावर सही केली होती. १९८९ मध्ये ओमियात पहिले जागतिक बोन्साय संमेलन भरले आणि २०१० मध्ये तेथेच बोन्सायला वाहिलेले सार्वजनिक संग्रहालय उघडले. कोबायाशींना एका संग्रहालयात जागा हवी होती; आता झाडांचे स्वतःचे संग्रहालय झाले.

२१/
अभ्यासकांसाठी कोकुफू-तेनचे सर्वांत मोठे देणे म्हणजे त्याचे छायाचित्रसंग्रह. निवडलेल्या झाडांची चित्रे त्यांत छापली जातात. एकच झाड दशकांच्या अंतराने पुन्हा भेटते : कुंडी बदललेली, एखादी फांदी नाहीशी झालेली, कधी दर्शनी बाजूच फिरवलेली, मालक तिसराच. आपण बखरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहतो, तशी ही छायाचित्रे ताडता येतात. पाटीवर न आलेले हात या फरकांत दिसू लागतात.

२२/
पुण्या-मुंबईतही बोन्सायची प्रदर्शने भरतात. वड, पिंपळ, उंबर यांची कुंडीतली रूपे तेथे पाहायला मिळतात. पुढच्या खेपेस गेलात, तर झाडाचे वय आणि किंमत जरूर विचारा, पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : हे झाड याआधी कोणाकडे होते? आणि मालक गावाला गेल्यावर पाणी कोण घालते? उत्तर मिळाले तर लिहून ठेवा. उद्याच्या इतिहासकाराला ते नाव दुसरीकडे कोठेही सापडणार नाही.